हिरव्या बांबूची डोली

डोलीला दोन बांबू लावायची अक्कल माझी. आधीच सांगून टाकते. माचीवर कुणालाही विचारा, तो हेच सांगणार आणि वर चार गोष्टी पदरच्या घालणार.

भेरलीची माची ही आमची वाडी. ढग नसले तर पोलादपूरच्या पेठेतून डोंगराच्या अंगावर चार-पाच छपरं दिसतात, तीच. घरं अकरा. म्हशी, शेरडं, उतारावर नाचणी नि वरी. तरणी पोरं सगळी मुंबईला. माझा नवरा महिपत रोज पहाटे दूध घेऊन पेठेत उतरायचा नि दुपारी चढून यायचा. नवऱ्याचं नाव घेते म्हणून आमच्यातल्या म्हाताऱ्या नाकं मुरडतात. मुरडू देत.

सत्त्याण्णव सालचा श्रावण होता. सोमवार. माझी सासू सगुणाबाई चांदरी म्हशीच्या मागं वरच्या कातळावर गेली होती. बाई साठीची, तोंडानं जहाल. माझी नि तिची बारा वर्षं रोज जुंपायची. कातळावर शेवाळ होतं. मी नाचणीत खुरपं घेऊन बसले होते, तेवढ्यात वरून हाक आली.

"सुरेखे, म्हस आडव गो. खालती शेतात चालली."

म्हस आडवली, मग वर गेले. बघते तर सासू कातळाच्या कडेला बसलेली, उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. नळी मोडून हाड कातड्यातनं बाहेर आलं होतं. मला भोवळ आली. ती मलाच म्हणाली, "बस खाली. तू पडलीस तर दोघींना उचलणार कोण?"

रात्रभराच्या पावसानं महिपत त्या दिवशी दूध घेऊन उतरला नव्हता. तो नि जानू धावत आले. जानू हा चुलत दीर. सासूला उचलून पडवीत आणली. वाडीतले मोठे म्हणजे चांगूमामा. सत्तरी उलटलेले. मोडलेलं हाड बसवण्यात त्यांचा हात धरणारा त्या डोंगरात कुणी नव्हता. ते पाला, पट्ट्या, सगळं घेऊन आले. फडकं उचलून पाय बघितला नि पाला परत पिशवीत भरला.

"हे माझं काम नाय. हाड भायेर आलंय. खाली न्या, आजच्या आज. उद्या पाय सडंल."

मग सगळ्यांनी महिपतकडे बघितलं नि तो खाली बघायला लागला.

त्याचं कारण असं. माचीचा डोलीचा दांडा एकच. पिकला बांबू, उन्हात सुकवलेला, तेल पाजलेला, देवळाच्या आढ्याला टांगलेला. त्यावर घोंगडी बांधायची, आजारी माणूस आत निजवायचा, दोघांनी खांद्यावर घेऊन खाली न्यायचा. त्या दांड्याला दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाय. वाटेत माणूस दगावलं तर दांडा वहाळात सोडून द्यायचा नि नवा करायचा. ही रीत. आणि आमच्या महिपतनं जेठात वादळात गोठ्याचं आढं मोडलं तेव्हा देवळातला दांडा काढून गोठ्याला घातला होता. दसऱ्याला नवा तोडतो म्हणाला. आता आढं काढावं तर गोठा म्हशींच्या डोक्यावर येणार.

"आयशीच्या वाटचा दांडा म्हशीवर घातलास," चांगूमामा म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले. महिपतचं तोंड एवढंसं झालं. मला त्याचा रागही आला नि कीवही.

जानू कोयती घेऊन बांबूच्या बेटाकडे निघाला, तर मामांनी हात आडवा घातला. "हिरवा बांबू? हिरव्या बांबूवरनं गेलेलं माणूस कधी परत आलंय?"

पडवीतनं सासू म्हणाली, "मग बांबू सुकंस्तोवर पाय उन्हात घालून बसू का मी? तोड रे जानू."

तोडला. घोंगडी बांधली. तिला आत घालायला गेलो तर झोळीत अंग वाकलं नि मोडका पाय दुमडला. जी किंकाळी फुटली, ती अजून माझ्या कानात हाय. तिथं माझी अक्कल चालली. म्हटलं, एक बांबू नको, दोन घ्या. मधे आडव्या काठ्या बांधा, वर पेंढा, वर घोंगडी. माणूस सरळ राहील, पाय हलायचा नाय. सुंभ मीच आवळला. बांधता बांधता सगळे गप्प झाले. मी काय बांधतेय ते मलाही दिसत होतं. दोन हिरवे बांबू, आडव्या काठ्या, पेंढा. सासू त्यावर सरळ निजली नि म्हणाली, "आता बरं वाटतं." झालं.

आता चार खांदे हवेत. महिपत, जानू, आणि मोरू म्हणून खालच्या घरचा एक. बाकी एक बापया तापानं पडलेला नि एक मुंबईला पोराकडं गेलेला. मी पदर खोचला.

"बाईनं खांदा द्यायचा नसतो, वैनी," जानू म्हणाला.

"मग तू दोन दे."

चांगूमामा म्हणाले, मी पुढं वाट दाखवतो. त्यांना बिडीशिवाय दहा पावलं चालवत नाय आणि पावसात काडी पेटत नाय. म्हणून त्यांनी एका मडक्यात निखारे घेतले, मडकं शिंकाळ्यात घातलं नि शिंकाळं हातात धरून पुढं निघाले. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाय. माझं सगळं ध्यान त्या पायावर होतं.

खाली रस्त्याला लागायला अडीच तास. वाट एका माणसाची, डोलीची नाय. उतारावर पुढच्यांनी हात वर करून बांबू डोक्याच्या वर धरायचे, मागच्यांनी वाकून मांडीपाशी. माझा खांदा सोलवटला. सासू मधेच, "मोरू, डावीकडं दगड हाय बघ," म्हणायची. निजल्या निजल्या तिलाच वाट आमच्यापेक्षा जास्त दिसत होती.

निम्म्या वाटेवर वहाळ. तिथं सगळ्यांचे पाय आपोआप थांबले. माझा सासरा याच काठावर गेला. त्याला नऊ वर्षं झाली होती. पोटात दुखून लोळत होता, डोली इथवर आणली, पाणी चढलेलं. पाणी उतरायची वाट बघत डोली करंजाच्या झाडाखाली टेकवली. पाणी संध्याकाळी उतरलं. तो दुपारीच गेला.

आज पाणी कमरेएवढं होतं, पण लाल होतं नि ओढत होतं. मामा मडकं डोक्यावर घेऊन काठीनं चाचपत पहिले उतरले. आम्ही बांबू डोक्यावर घेतले. सासूनं हात खाली सोडला नि माझी वेणी पकडली. मधोमध मोरूचा पाय सटकला, डोली कलली. माझी वेणी अशी ओढली गेली की डोळ्यांत पाणी आलं. सोड म्हटलं नाय. ती करंजाकडं बघत होती.

"महिपत," ती म्हणाली, "मला हितं टेकवू नको. कायबी होऊ दे, हितं टेकवू नको."

"नाय टेकवत, आये." त्याचा आवाज रडवेला झाला होता. पलीकडं चढलो तरी आम्ही थांबलो नाय. पार करंज दिसेनासा होईतो कुणी खांदा बदलला नाय.

मग पाऊस आला, श्रावणातला, मधेच ऊन, मधेच सर. तिच्या अंगावर दुसरी घोंगडी डोक्यापासून पायापर्यंत घातली, तोंडावर इरलं ठेवलं. दुखण्यानं तिला ग्लानी आली असावी. मी हाक मारली, तिनं ओ दिली. आणखी खाली गेल्यावर हाक मारली, ओ नाय आली. इरल्याखाली हात घातला तर श्वास लागत होता. तिथून आम्ही जवळजवळ पळतच सुटलो.

हमरस्त्याला लागलो. कशेडीकडून मालट्रक येत होते. एकाला महिपतनं हात केला. ड्रायव्हरनं गाडी हळू केली, आमच्याकडं बघितलं, दोन्ही हात जोडले नि गेला. दुसऱ्यानं कपाळाला हात लावला नि गेला. मला वाटलं, काय देवभोळी माणसं ही, हात जोडतात पण गाडीत घेत नायत. मनात शिव्या घातल्या.

पेठेत शिरलो तेव्हा बाराचा सुमार. पहिलं हॉटेल, जिथं आमचं दूध जातं. तिथं टेप मोठ्यानं लावलेला असतो. आम्ही आलो नि तो बंद झाला. पुढचं दुकान किराण्याचं, त्यानं शटर खडखड करत अर्ध्यावर ओढलं. मग त्याच्या शेजारच्यानं. मग समोरच्यानं. आम्ही पुढं सरकतोय नि दोन्ही बाजूंनी शटरं खाली येताहेत. माणसं पायरीवर येऊन हात जोडून उभी.

"आज बंद हाय का काय?" जानूनं मला विचारलं.

मी बघत होते मेडिकलकडं. म्हटलं निदान हे तरी उघडं राहू दे, दुखण्याची गोळी घेऊ. तर मेडिकलवाल्यानं आमच्या डोळ्यांदेखत शटर खाली घेतलं नि टोपी काढून उभा राहिला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. दोन हिरवे बांबू. पांघरलेलं माणूस. पुढं म्हातारा, हातात मडकं, मडक्यातनं धूर. सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात दत्ताराम शेट पुढं आले. त्यांचं कापडाचं दुकान, पेठेतल्या व्यापारी मंडळाचे ते अध्यक्ष, महाडच्या सेवा क्लबातही त्यांचं बसणंउठणं. गरिबाची तिरडी दुकानावरून गेली तर वर कोरं पांढरं कापड घालायचं, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. शेटनी नव्या कापडाची घडी मोडली, सासूच्या अंगावर घातली नि वाकून नमस्कार केला.

कापड तोंडावर आलं तशी इरल्याखाली हालचाल झाली. सासूनं इरलं बाजूला केलं, कापड बाजूला केलं, उन्हानं डोळे बारीक केले.

"शेट," ती म्हणाली, "अजून हाय मी. कापड परत ठेवा नि दवाखाना उघडा ठेवा."

शेट मागच्या मागं रस्त्यावर बसले. त्यांची बायको तुळजाबाई दुकानाच्या पायरीवर होती, ती "अगं बाई" म्हणून धावत आली, नवऱ्याकडं नाय, सासूकडं. पेठेत कुणीतरी हसलं. मग हसू दाबता दाबता चार जण हसले. मला हसू आलं नाय. मी तिथंच भर पेठेत रडले, बांबू खांद्यावर तसाच ठेवून.

पण शेटचं सांगायला हवं. धोतर झटकत उठले, पुन्हा एकदा हात जोडले, ह्या वेळी माफीचे. मग जे सुटले. दुकानासमोर त्यांची मेटाडोर माल उतरवत उभी होती. गठ्ठे रस्त्यावर टाकले, आत गाद्या घातल्या. मेडिकलवाल्यानं शटर वर करून दुखण्याची सुई दिली, पायाला फळी बांधून दिली. किराणावाल्यानं बूथवरून महाडला क्लबातल्या एका डॉक्टरांना फोन केला. वीस मिनिटांत आम्ही महाडच्या वाटेवर होतो. डॉक्टर जेवण टाकून दारात उभे. तीन तास आत होते. बाहेर आले तेव्हा महिपत भिंतीला टेकून उकिडवा बसलेला, त्याला उठवेना.

"पाय वाचला," डॉक्टर म्हणाले. "उद्यावर ढकलला असतात तर गुडघ्यापासून काढावा लागला असता. कुणी बांधलं होतं तिला अशी सरळ?"

महिपतनं माझ्याकडं बोट केलं. बारा वर्षांत त्यानं माझं कौतुक केलं ते तेवढंच, तेही बोटानं. डोंगरावर पायाशिवाय बाई म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. कोपऱ्यात बसवलेली, पाणी मागणारी सासू मी डोळ्यांपुढं आणली होती आणि सगळ्या वाटेनं तेच चित्र पुढं होतं. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी दवाखान्याच्या नळावर सगळ्यांची घोंगडी धुवून काढली.

महाडला महिनाभर राहावं लागलं. तुळजाबाई एक दिवसाआड एसटीनं डबा घेऊन यायच्या नि सासू त्यांच्या आमटीला नावं ठेवायची. एकदा क्लबाची माणसं आली, पांढरेशुभ्र कपडे, संगं फोटोवाला. एक डझन केळी नि धरायला सहा माणसं. "हसा आजी," फोटोवाला म्हणाला.

"फोटोत पाय येऊ दे," सासू म्हणाली. "मोडलाय तो पाय. केळी बरी हायत."

दत्ताराम शेट दाराशी उभे होते. ते फोटोत आले नायत.

दिवाळीनंतर एका सकाळी वाडीतली कुत्री भुंकायला लागली. बघतो तर वाटेवर सात माणसं, पेठेतली. शेट पुढं, गळ्यात उपरणं, घामानं चिंब. वाटेत चार ठिकाणी बसले म्हणे. सासू कुबड्यांवर पडवीत आली, मी ताक दिलं. दोन तांबे प्यायल्यावर शेटना बोलता आलं.

ते म्हणाले, मंडळानं नि क्लबानं मिळून ठरवलंय. माचीला एक चांगलं स्ट्रेचर द्यायचं. आणि वहाळावर साकव बांधायचा, पक्का.

चांगूमामांनी बिडी विझवली. "आमी मागितलंय का?"

"नाही मागितलंत," शेट म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वीही नव्हतं मागितलंत. मला महिपतनं महाडला सांगितलं वडलांचं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मामा, मी तीस वर्षं तुमच्या माचीचं दूध पितो. माची कुठं आहे ते मला आज कळलं. जिवंत बाईवर मी कापड घातलं. झोप लागत नाही मला."

आमची माणसं अशीच. कुणी द्यायला आलं की अंग चोरतात. घेतलं तर मिंधे होऊ, नाय घेतलं तर माजलेत म्हणतील. महिपत तर भिंतीकडं बघत होता. शेवटी सासूच बोलली.

"दोन गोष्टी हायत. दगड नि हात आमचे, शिमिट नि सळ्या तुमच्या. तुमी नुसतं पाठवायचं नाय, यायचं. आणि बोर्ड लावायचा नाय."

क्लबातले एक जण म्हणाले, "आजी, नावाचा छोटासा बोर्ड असतो."

"आमच्या म्हशींना वाचता येत नाय," सासू म्हणाली. विषय तिथं मिटला.

मला वाटलं होतं, पेठेतली माणसं, बोलतात नि विसरतात. पण आली. दर आठवड्याला पेठेच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आठला वहाळावर हजर. ज्याच्या दुकानात जे होतं ते त्यानं आणलं. हार्डवेअरवाल्यानं सळ्या, हॉटेलवाल्यानं भजी नि चहा, मेडिकलवाल्यानं मलम. मलम फारच लागलं. गल्ल्यावर बसणारे हात, तासाभरात फोड. सिमेंटच्या गोणी रस्त्यापासून डोक्यावर आणायच्या, वाळू पाटीनं. किराणावाला दोनदा पाटीसकट वहाळात बसला.

"शेट, पाटी अशी धरा," जानू त्याला शिकवायचा. "काटा नाय हा, मारता येत नाय." किराणावाला वर त्यालाच हसून दाखवायचा. पहिल्या आठवड्यात हे झालं असतं तर भांडण पेटलं असतं.

भांडण झालं, पण वेगळ्याच गोष्टीवरून. क्लबातल्या इंजिनिअरनं खांबांवर खूण केली, एवढी उंची. चांगूमामांनी करंजाचं झाड दाखवलं. "त्या बेचक्यापर्यंत पाणी येतं. साकव हातभर वर घ्या."

इंजिनिअर कागद दाखवायला लागला. हिशेब केलाय म्हणाला, एवढं पाणी इथं येणारच नाही. मामांनी कागद बघितलासुद्धा नाय. काठी उचलली नि वर चालायला लागले. काम थांबलं. महिपत, मोरू, सगळ्यांनी पाट्या खाली ठेवल्या. मला वाटलं, फिसकटलं सगळं. शेट चिखलात उभे होते, गुडघ्यापर्यंत माखलेले. ते इंजिनिअरला म्हणाले, "साहेब, तुमचा हिशेब बरोबर असेल. पण या झाडाखाली ह्यांचा माणूस गेलाय. हातभर वर घ्या. लागेल ते मी आणतो." आणि स्वतः मामांच्या मागं डोंगर चढून गेले, त्यांना परत आणायला. अर्ध्या तासानं दोघे एकच बिडी ओढत खाली आले.

वैशाखात साकव झाला. नारळ सासूनं फोडला. तोवर एक कुबडी सुटली होती. दुसऱ्या महिन्यात तीही सुटून काठी आली. स्ट्रेचर देवळाच्या आढ्याला टांगलं, आणि त्याच्या शेजारी महिपतनं गोठ्यातला जुना दांडा परत आणून टांगला. गोठ्याला नवं आढं घालायला त्याला तीन दिवस लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

आषाढात चार दिवस धो धो लागला. पाचव्या दिवशी उघडीप झाली तशी आम्ही सगळे साकवावर पळालो. पाणी करंजाच्या बेचक्याला लागलेलं दिसत होतं, गाळाची रेघ उठलेली. साकवाच्या फरशीला वीतभर कमी. मामांनी रेघेवर हात ठेवला.

पलीकडून दत्ताराम शेट येताना दिसले, दोघा-तिघा मंडळवाल्यांना घेऊन. त्यांनाही घरी राहवलं नव्हतं. लांबून साकव उभा बघितला नि त्या माणसानं लहान पोरासारखे हात वर केले. हात वर, नि पाय शेवाळावर. बसले ते बसलेच. घोटा बघता बघता सुजून टम्म झाला.

"काही नाही, काही नाही, चालत जातो," शेट म्हणाले. उठले नि पांढरेफटक पडून परत बसले.

"गप पडा आता," सासू म्हणाली.

जानूनं पळत जाऊन स्ट्रेचर आणलं. शेट नको नको म्हणत होते, लाजेनं कानापर्यंत लाल. आम्ही त्यांना निजवलं, पट्टे आवळले. ह्या वेळी खांदे आठ होते, चार माचीचे, चार पेठेचे, पाळीपाळीनं. मीही होते. कुणी, बाईनं खांदा द्यायचा नसतो, म्हटलं नाय. पण शेट वजनाला भारी. मोरू म्हणाला, ह्यापेक्षा दोन म्हशी परवडल्या. शेटच हसले.

पुढं वाट दाखवायला मामा निघाले, हातात शिंकाळं. सासूनं मडकं काढून घेतलं नि निखारे वहाळात ओतले.

"आज बिडी नाय."

"आणि वाट कोण दाखवणार?"

"मी."

ती काठी घेऊन पुढं झाली. महिपतनं तोंड उघडलं, मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. रस्त्याला लागल्यावर हात केलेला पहिलाच टेम्पो थांबला. पण टेम्पो गच्च भरलेला होता. पेठ काही लांब राहिली नव्हती, तशीच चाललो.

पेठेत शिरलो ती दुपारची वेळ. जेवून दुकानदार कलंडलेले, शटरं सगळी अर्ध्यावर. मला मागचा श्रावण आठवला. शेटनी मान वर करून बघितलं नि डोळे मिटले. त्यांनाही तेच आठवलं असणार.

सासूनं काठी रस्त्यावर आपटली. "शेट जित्ते हायत रे," तिनं हाळी दिली. "घोटा मोडलाय नुसता."

मेडिकलवाला वाकून शटरखालून बाहेर आला. आमच्याकडं बघितलं, मग दोन्ही हातांनी शटर धरून पार वरपर्यंत ढकललं. मग समोरच्यानं. मग किराणावाल्याच्या भावानं. आम्ही पुढं सरकत होतो नि दोन्ही बाजूंची शटरं खडखडत वर जात होती. हॉटेलवाल्यानं टेप लावला. तुळजाबाई पायरीवरून उतरल्या, आधी घाबरून, मग नवऱ्याचं तोंड बघून पदराआड हसत.

माझं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. मी सासूकडं बघत होते. ती जरा लंगडत होती, पण आमच्या सगळ्यांच्या पुढं होती, भर पेठेतून, दोन्ही पायांवर.

"सुरेखे," ती मागं न बघता म्हणाली, "पाय उचल गो. किती मागं राहतेस."